मातीला येईल तो भाऊ

खोली बघायला गेले तेव्हा भाडं किती, नळाला पाणी कधी येतं, हे माझे प्रश्न तोंडातच राहिले. घरमालकांनी मला ओट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "आईचं माहेर कुठलं?"

मी सांगितलं.

"आन् आईच्या आईचं?"

ते मला धड ठाऊक नव्हतं. श्रीगोंद्याकडचं कुठलंसं गाव, एवढंच ऐकून होते. पण तेवढ्या धाग्यावर हे गृहस्थ सरसावून बसले. आजीला भाऊ होते का, त्या भावाला बायको कुठली केली होती, तिचा बाप खरंच पाटील होता की नुसत्याच मिशा ठेवायचा, असं विचारत विचारत चहा गार व्हायच्या आत त्यांनी मला कुठून कुठून फिरवून आपल्या दारात आणून उभं केलं. "म्हंजे तू आमची भाची लागतीस," असं म्हणून ते आत तोंड करून ओरडले, "अगं, भाची आली!"

आतून शांत आवाज आला, "आता ही कुठल्या बाजूची?"

तो आवाज मामींचा. नगरला मुलींच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. भाची म्हटल्यावर प्रश्नच मिटला. परक्या माणसाला मामांनी कधी भाडेकरू ठेवलंच नाही. पण त्यांच्या लेखी परका असा कुणी नव्हताच. "परकं कुणी नसतं," ते म्हणत, "शोध पुरा झालेला नसतो, एवढंच."

तेव्हा सावेडीत घरांपेक्षा रानं जास्त होती. मामांचं बैठं घर रस्त्याच्या कडेला, पुढे एक कडुलिंबाचं झाड. घरात मामा, मामी, मामांचे धाकटे भाऊ आणि त्या भावाची एकुलती एक मुलगी. धाकट्यांची बायको बाळंतपणातच गेलेली, त्यामुळे पोरीला मामींनी वाढवलेलं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं; लेक म्हणा, पुतणी म्हणा, ती एवढी एकच. धाकटे एका छापखान्यात खिळे जुळवायचे, दिवसभर उभ्यानं. संध्याकाळी यायचे ते उजवा पाय किंचित ओढत. हातपाय धुऊन पाण्याच्या घागरी भरायचे, लाकडं फोडायचे आणि काही न बोलता जेवायचे. त्यांच्याबद्दल मामांचं मत एका वाक्यात आटपायचं, "धाकट्याला आज्याच्या बापाचं नाव इचारा, सांगता यायचं न्हाई."

मामा स्वतः मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. पारनेरपासून नेवाशापर्यंत जिल्ह्यातलं एकही शिवार त्यांनी साखळी टाकून मोजल्यावाचून सोडलं नव्हतं. आणि मोजणीला बोलावतात कधी? भावाभावात फाटल्यावर. तर उभी हयात त्यांनी एका आईच्या लेकरांमध्ये बांध घालण्यात काढली. एकदा ते मला म्हणाले, "भाचे, मी दगूड रवला की दोघं भाऊ दोन बाजूला तोंड करून चालू लागायचे. मागं वळून बघायचे न्हाईत. लई वंगाळ वाटायचं. मग म्हटलं, पेन्शन झाली की उलटं काम करायचं. तोडली तेवढी जोडायची." हे मात्र मला मनापासून आवडलं होतं. वेडेपणाला एवढं चांगलं कारण असलं तर तो खपवून घ्यावा, असं मला आजही वाटतं.

पण खपवून घेणं सोपं नव्हतं, कारण मामा नुसती नाती शोधून थांबत नसत, ती पाळत. भावकीतलं कुणी गेलं की सुतक. आणि भावकी तर रोज वाढत होती. एकदा त्यांना सायकलला दिवा नाही म्हणून एका हवालदारानं अडवलं. मामांनी त्याला कोपऱ्यात नेऊन त्याचं गाव, कूळ, कुलदैवत, सगळं काढून घेतलं आणि तो चुलतभाऊ निघाला. दंड वाचला. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर त्या हवालदाराचा चुलता वारला आणि आमच्या घरी ना पणती लागली ना कढई चढली. मामी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "दंड भरला असता तर निदान शंकरपाळी तरी खाल्ली असती."

लांबच्या भावकीचं तीन दिवस पाळलं तरी चालतं, असं कुणी सुचवलं की मामा डोळे वटारत. "अर्धं नातं आसतं का? मग अर्धं सुतक कसं?" दहा दिवस म्हणजे दहा दिवस. दाढी नाही, देवाला दिवा नाही, गोड नाही.

यावर मामींनी आपला एक उपाय काढला होता. सुतक ऐकल्यावर लागतं. कानावर आलंच नाही तर लागत नाही, हे सगळ्यांना मान्य असलेलं शास्त्र. तेव्हा गावाकडून कुणी पडल्या तोंडानं येताना दिसला की मामी पदर खोचून फाटकापाशी उभ्या. "मालक न्हाईत घरी. काय आसंल ते पंधरा दिसांनी येऊन सांगा." मामांना हे कळलं की घर डोक्यावर घेत. "नातं काय कानात आसतं का गं? न ऐकल्यानं मेलेला जिता व्हतो का?"

पण एकदा मामी भाजी आणायला गेल्या आणि निरोप थेट मामांच्या कानात पडला. त्या आठवड्यात पुतणीची सुपारी फुटायची होती. चांगलं स्थळ, शेतीवाडीचं. मामांनी कळवलं, सुतक आहे, थांबा. ते थांबले नाहीत, दुसरीकडे गेले. पुतणी काही बोलली नाही. त्या दिवशी धाकट्यांनी जरुरीपेक्षा फार लाकडं फोडली. मामी मात्र बोलल्या. "या घरात जित्या माणसांपरीस मेल्यांचा रुबाब जास्त. त्या पोरीनं काय मरून दाखवायचं, तवा तुमचं लक्ष जाईल?" मामा उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

पुढे त्यांना सोनईजवळच्या एका वस्तीवरचे आबा सापडले, तेव्हा मला वाटलं, आता काही आपली धडगत नाही. कारण हे काही हवालदारासारखं ओढूनताणून आणलेलं प्रकरण नव्हतं. मामांच्या घरी दिवाळीला करंज्या करत नसत. कुणा पूर्वजाच्या काळात करंज्या तळत असताना घरात कुणी गेलं आणि तेव्हापासून करंजीची खोट. जुन्या ओळखीनं आबांच्या वस्तीवर उतरलेले असताना मामांना बोलण्याबोलण्यात कळलं, की यांच्याकडेही करंजीची खोट. कारण तेच, कुलदैवत तेच, देवकही तेच. नगरला परत आले ते चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. "अगं, त्यांच्यात बी करंजी व्हत न्हाई!"

"ऱ्हाईना," मामी म्हणाल्या. "आपल्यात तरी कुठं व्हतीय?"

दुसऱ्या खेपेला मामा मला आणि मामींना तिकडे घेऊन गेले. आबा फार थकलेले, खाटेवर पडूनच बोलत. मामांनी पिढ्यांमागून पिढ्या सांगितल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू म्हनतोस तर आसंल. आमच्यात एक हाय बाबा. जो मातीला येईल तो भाऊ. बाकी समदं तोंडाचं. म्या मेल्यावर येशील?"

"येईन," मामा म्हणाले. "शब्द देतो."

आबांनी त्यांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मामांना इतकं खूश झालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आयुष्यभर लोकांनी त्यांना बांध घालायला बोलावलं होतं. मातीला बोलावणारा हा पहिलाच.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. विहिरी आटल्या, गावोगावी खडी फोडायची कामं निघाली, रेशनला परदेशातली लाल मिलो ज्वारी आली. अशात पुतणीचं लग्न जमलं. मुलगा लष्करात, स्वभावानं सरळ. थोड्या दिवसांची रजा घेऊन आलेला, लगेच सरहद्दीवर परत जायचा. मुहूर्त हुकला तर पुन्हा रजा केव्हा, कुणी सांगावं? दोनदा लग्न मोडलेल्या मुलीकडे मग लोक कसे बघतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्यांनी पत्रिकेचे खिळे स्वतःच्या हातानं जुळवले. मांडव पडला. आदल्या दिवशी सकाळी देवक बसायचं होतं. धाकटे विधुर, म्हणून देवकाला जोडीनं मामा-मामीच बसणार. एकदा देवक बसलं की मग काही होवो, सुतक लागत नाही. मामी आठवडाभर तेवढंच घोकत होत्या, "देवक बसू द्या रं देवा, मग कुनाला न्यायचं त्याला न्या."

सकाळी सगळी तयारी झाली, पण कुंभाराची मडकी यायला उशीर झाला. मी दारात रांगोळी काढत होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडे एक माणूस येऊन उभा राहिला. धुळीनं भरलेला, अनवाणी. तो आबांचा पुतण्या, मी त्याला वस्तीवर पाहिला होता. मांडव बघून तो तिथेच थबकला. मांडवाच्या सावलीलाही शिवेना. मामी आत देवकासाठी लुगडं नेसत होत्या, फाटकावर पहारा नव्हता. मामा सोवळं नेसून बाहेर आले आणि त्यांनी त्याला पाहिलं.

"काय रं? लांब का उभा? ये की आत."

तो पुढे आला नाही. मामाच रस्ता ओलांडून गेले, मीही मागे गेले.

"अण्णा," तो म्हणाला, "आमचं आबा—"

मामांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

हात म्हणजे पुरा पंजा, साखळी ओढून ओढून राठ झालेला. त्या माणसाचे डोळे त्या पंजावरून मामांकडे बघत राहिले. मामांनी हात काढला नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "काय बोलू नगंस. मी काय ऐकलं न्हाई. माज्या लेकीचं देवक बसायचंय." आणि मला म्हणाले, "भाचे, याला लिंबाखाली बसव. पानी दे. मी येईस्तवर यानं घरातल्या कुनाशी बोलायचं न्हाई."

ते आत गेले. मी त्या माणसाजवळ बसले. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. जरा वेळानं दबक्या आवाजात विचारलं, "तुमी भावकीत न्हाई न्हवं?"

"नाही. मी भाची."

"मग तुमाला सांगाया हरकत न्हाई." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पहाटं गेलं आबा. जाताना म्हनलं, नगरच्या भावाला आना, त्याच्याबिगर उचलू नका. माती थांबलीया."

आत वाजंत्री सुरू झाली. आपल्या घरात लग्न आणि हातात दुसऱ्याचं मरण धरून मी लिंबाखाली बसले होते. मला त्या दोघांचीही फार दया आली, मांडवातल्याची आणि खाटेवरच्याची.

देवक बसलं. मामा कपाळावर हळदीकुंकवाची बोटं तशीच ठेवून बाहेर आले आणि त्या माणसासमोर मातीतच मांडी घालून बसले. "आता सांग."

त्यानं सांगितलं. मामांनी डोळे मिटले.

"गाडी हाय आता एक," पुतण्या म्हणाला. "निगालो तर—"

"देवक उठूस्तवर मला या घराभाईर पाय टाकता येत न्हाई," मामा म्हणाले. "उन्हाचं दिवस हाईत. थांबू नका. उचला म्हणावं."

"आबांनी वाट बघितली, अण्णा."

"ठावं हाय मला." तो माणूस उठला, त्यानं मामांना वाकून नमस्कार केला आणि आला तसा अनवाणी निघून गेला.

मामांनी तोंड धुतलं आणि ते मांडवात शिरले. ती हळद आणि दुसऱ्या दिवशीचं लग्न त्यांनी असं काही गाजवलं, की नवरदेवाकडचे लष्करी पाहुणेही थक्क झाले. नवरदेवाच्या मामाची त्यांनी पंगतीतच कुळी काढली. तो त्यांचा कुणी निघाला नाही, तर त्याबद्दल त्याची क्षमा मागितली. पुतणीला वाटेला लावताना मात्र ते धाकट्यांच्याही आधी रडले. लोक म्हणाले, बापापेक्षा चुलत्याचा जीव. पानातल्या लापशीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

देवक उठल्यावर त्यांनी घरात सांगितलं. मामी म्हणाल्या, "म्हंजे तुमी सोता तोंड दाबलं त्याचं?"

"व्हय."

"इतकी वरसं मला बोलत हुता त्याबद्दल."

"व्हय," मामा म्हणाले. "चुकत हुतो."

दहाव्याच्या दिवशी आम्ही निघालो. पहाटेच्या गाडीसाठी मामा फाटकापाशी येतात तो धाकटे तिथे उभे. आबांच्या नावानं डोकं आणि मिशा साफ.

"तू कुठं? तू तर आबांना बघितलं बी न्हाईस."

"न्हाई बघितलं," धाकटे म्हणाले. "पर माज्या लेकीसाठी तुमी गेला न्हाईत. मी यायला नगं का?" धाकट्यांच्या तोंडून एका दमात एवढं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

वस्तीजवळची नदी कोरडी ठाक होती. लोकांनी घागरीनं पाणी आणून विधी केला. पिंडाला कावळा शिवला नाही तर आपण हात जोडून काय काय कबूल करायचं, हे मामा गाडीत ठरवूनच आले होते. पण पान ठेवलं नाही तोच कावळा शिवला. मामा जोडलेले हात तसेच धरून उभे राहिले. आबांचं काहीच मागणं उरलं नव्हतं.

मग भावकीतला एक जण सगळ्यांच्या देखत बोललाच, "नगरवाले, मातीला वाट बघून बघून डोळं शिणलं की आमचं."

मामांच्या आधी तो पुतण्याच पुढे झाला. "म्याच उशिरा पोचलो. यष्टी बंद पडली हुती वाटंत."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. मान डोलावून सुटता आलं असतं. पण चुकीची मोजणी त्यांना कधी चाललीच नाही. "गाडी येळेवर आली हुती," ते म्हणाले. "मीच ऐकून घेतलं न्हाई. घरात लेकीचं देवक बसायचं हुतं. आबांना शब्द दिला हुता, तो मोडला. भावकीत धरायचं न्हाई म्हनलात तर न्हाई धरू."

बायकांतून आबांची म्हातारी म्हणाली, "मांडव टाकून आला असतास तर म्याच दारातून हाकलला असता. जितं लेकरू सोडून मढ्यामागं कोन फिरतं रं? पोरीला घेऊन या. करंजी आपल्यात न्हाई, साटोऱ्या करू."

मामी म्हातारीच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. माझं तर तिथं कुणी लागतही नव्हतं.

परतताना वस्तीपासून थांब्यापर्यंत चालायचं होतं. मामा नेहमीप्रमाणे मोजणीदाराच्या ढांगा टाकत पुढे. मध्येच त्यांनी मागे वळून बघितलं. धाकटे बरेच मागे राहिले होते, उजवा पाय ओढत, बाभळीच्या आधारानं थांबत. मामा थांबले. ते पोचेपर्यंत थांबले, आणि पुढची वाट त्यांच्या चालीनं चालले.

गाडीत दोघे भाऊ समोरासमोरच्या बाकांवर बसले. आता मामा आबांच्या पिढ्या काढतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. घोडेगाव मागे पडलं तरी ते बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "पाय कधीपासून दुखतोय रं तुझा?"

धाकटे गोंधळले. "लई दिस झालं. पोरगी शाळंत हुती तवापासून."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुमी कुठं इचारलं, दादा?"

सगळ्या जिल्ह्याला ज्यांनी विचारून विचारून भंडावलं, ते मामा एवढ्या साध्या बोलण्यावर खाली वाकले. त्यांनी धाकट्या भावाचा पाय उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. थोरल्यानं धाकट्याचा पाय धरायचा नसतो. धाकटे ओशाळून "दादा, लोक बघत्यात," म्हणत पाय ओढायला लागले. मामा पोटरी दाबत म्हणाले, "बघू दे. भाऊ हाय माझा."

आणि नगर येईपर्यंत त्यांनी तो पाय खाली ठेवू दिला नाही.